उजवी कड

सिंदेवाहीच्या पलीकडे एका गावात लग्न होतं. अक्षता पडून गेल्या होत्या, पंगती बसल्या होत्या आणि स्टेजवर फोटोसाठी गर्दी झाली होती. माइकवाला एकेका नात्याला हाक देत होता. "नवरीच्या मावश्यायनी स्टेजवर यावं. मावश्या, लवकर! आत्याबाईचा नंबर मागून हाय, आत्याबाईनं खाली उतरावं." हरिदास कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावून उभा होता. मावश्या आल्या, पदर सावरले, एकीनं दुसरीला कोपरानं ढकललं.

"निळ्या साडीवाल्या बाई, जरा आत. अजून आत. हां. हसा आता, नवरदेव काई पळून नाई चालला."

मावश्या हसल्या आणि त्यानं बटण दाबलं.

डोळा काढला तेव्हा स्टेजच्या उजव्या बाजूला त्याचा साळा कुलदीप उभा दिसला. अंगावर घरातला शर्ट, पायात स्लिपर, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. मोटरसायकलवर उन्हातून आला होता. कधीपासून उभा होता, कोण जाणे.

"तू काऊन इथी?"

"फोटो होऊ द्या म्हटलं तुमचा."

"झाला. बोल."

"चाला भाऊजी. ताईची तब्येत बिघडली."

"किती बिघडली?"

कुलदीपनं हात पुढे केला आणि हरिदासच्या गळ्यातला कॅमेरा काढून घ्यायला लागला. कुलदीप या कॅमेऱ्याला भीत असे. महागाची वस्तू, हातून पडली तर काय घ्या, म्हणून त्यानं आजवर त्याला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तो पट्टा डोक्यावरून काढायला लागला तेव्हाच हरिदासला कळलं.

माइकवाला म्हणत होता, "आत्याबाई, आता या."

एरवी रुखमा सोबत असायची. लग्नाच्या सीझनमध्ये तो कॅमेरा घेऊन पुढे आणि ती फ्लॅशचा दांडा धरून त्याच्या उजव्या अंगाला, असं त्यांचं काम वर्षानुवर्षं चालत आलेलं. त्या दिवशी सकाळी ती म्हणाली होती, "छातीत जळजळून राह्यलं जी. आज तुमीच जा." "सोडा पी अन् पड घडीभर," असं सांगून तो निघाला. नळावर पाणी भरता भरता ती खाली बसली आणि बसल्या जागी कलंडली. शेजाऱ्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दोघांना मूलबाळ नव्हतं. नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पुढे स्टुडिओ आणि मागे दोन खोल्या, एवढा त्यांचा संसार. माती झाली, लोक परतले, आणि हरिदासची मोठी बहीण गुणाबाई घर सांभाळायला येऊन राहिली. तो तिला नुसतं बाई म्हणायचा. बाईनंच दिवस ठरवला. पुढच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. भन्तेजींना सांगून झालं, मंडपवाल्याला सांगून झालं.

"अन् फोटो?" बाईनं विचारलं.

"करतो."

"करतो काय? तुयं तं कामच ते हाय. लोकायच्या मयतीचे फोटो तासात करून देतं. घरचीचा काऊन राह्यला?"

प्रश्न बरोबर होता. नागभीडच्या आसपासच्या खेड्यांत कोणी वारलं की माणसं आधार कार्ड घेऊन हरिदासकडे येत. त्या बोटभर फोटोतलं तोंड तो मोठं करायचा, डाग पुसायचा, मागे आभाळी रंग द्यायचा आणि खाली धड जोडायचा. धडं त्याच्या कॉम्प्युटरमध्ये तयार होती. पुरुषांसाठी काळा कोट, बायांसाठी हिरवी काठाची साडी. जन्मात कोट न घातलेली माणसं मेल्यावर कोटात भिंतीवर बसत, आणि घरचे म्हणत, हुबेहूब. तालुक्यातल्या निम्म्या मेलेल्या बायांनी तीच हिरवी साडी नेसलेली होती. रुखमा कधी कधी मागे उभी राहून पाहायची आणि पदर तोंडावर घेऊन हसायची.

"पाह्य ना जी, साऱ्यायले एकच साडी. मी मेली तं मले हे नेसवू नोका बापा. वळखन कोन मले?"

ते तिचं बोलणं आता त्याच्या डोक्यातून जात नव्हतं. तिचं आधार कार्ड त्यानं दोनदा स्कॅनरवर ठेवलं आणि दोनदा उचललं.

बरं, दुसरा फोटो म्हणावा, तर नव्हता. लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला होता, आणि त्यातली रुखमा तशीही वीस वर्षांची होती. मोबाइल पुढे आला की ती हातानं तोंड झाकायची. "फोटोवाल्याची बायको मी, मले कोन काढते," म्हणायची. नातेवाइकांनी शोधून शोधून पाठवलं, त्यात कुठे तिची पाठ होती, कुठे डोळे मिटलेले होते. कुलदीपच्या बायकोच्या फोनमध्ये एक निघाला. त्या फोननं आपल्या मनानं तिचे गाल गुलाबी केले होते, डोळे वाढवले होते आणि सावळा रंग पार धुऊन काढला होता.

"हे कोन हाय व?" बाई म्हणाली. "सिनेमातली दिसते."

हरिदासला बसवेना. तो स्टुडिओत जाई, खुर्चीवर टेकला की उठे, दारात येऊन उभा राही, पुन्हा आत जाई. चहा ठेवला की थंड होई. असंच आत-बाहेर करताना त्यानं सिंदेवाहीच्या लग्नाचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. अर्धवट सोडलेलं काम, निदान जे झालं ते त्या लोकांना द्यावं म्हणून. शेवटचा फोटो मावश्यांचा होता. आणि त्या फोटोत उजव्या कडेला, अगदी कडेला, कुलदीप उभा होता.

हरिदास वाकून पाहत राहिला. बटण दाबलं तेव्हा खिडकीत कुलदीप नव्हता. मावश्या होत्या, मागचा पडदा होता, बास. पण फोटोत तो होता. दुपट्ट्यातलं तोंड, लाल डोळे. त्या क्षणी त्याच्याजवळ बातमी होती आणि हरिदासजवळ नव्हती, आणि दोघं एका कॅमेऱ्याच्या पुढे-मागे उभे होते.

यात चमत्कार काही नव्हता. कॅमेरा जुना, नागपूरला दुकानात सेकंडहँड घेतलेला. दुकानदारानं तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, याची खिडकी थोडी चोर आहे. दिसते त्याच्यापेक्षा फोटोत जरा जास्त येते. चारही बाजूंनी येते, उजवीकडून अंमळ अधिक. बिघाड नाही, बनावटच तशी. जास्तीचं आलं ते कापून टाकायचं." हरिदासनं ते गाठीला बांधून ठेवलं. त्यानं कॉम्प्युटरमध्ये एकदाच माप बसवलं. लग्नाचे सगळे फोटो एका दमात त्यातून काढायचे, चारही कडा आपोआप छाटल्या जायच्या. छाटलेलं काय होतं ते पाहायची गरजच पडत नसे. त्याच्या अल्बममध्ये मंडपाचा बांबू, प्लास्टिकची खुर्ची, परक्याचं कोपर असं काही सापडत नाही, असं लोक सांगत, आणि हरिदासला त्याचा अभिमान होता.

परक्याचं कोपर. तो उठून उभा राहिला.

रुखमा उजव्या अंगाला असायची. फ्लॅश घेऊन, कॅमेऱ्याच्या जरा पुढे. कायम.

त्यानं कपाटातल्या सगळ्या डिस्का काढल्या. बहुतेकांत छाटलेलेच फोटो. अल्बम गेला की मूळ फोटो पुसून टाकायचे, नाहीतर डिस्क भरते, हाही त्याचाच नियम. न छाटलेले उरले होते ते याच सीझनचे, थोडेसे. ते त्यानं एकेक करून उजव्या कडेला मोठे करून पाहिले. मिळाली ती. मनगट मिळालं, हिरव्या बांगड्यांसकट. दांडा धरलेली मूठ मिळाली. कोपर, पदराचं टोक, एकदा चपलेतलं पाऊल, आणि एकदा कान, त्यात तिचं ते बारीक सोन्याचं फूल. तोंड कुठेच नव्हतं. जोडप्याचा फोटो जवळून काढायचा असतो, तिथे कडेच्या पट्टीत तळहाताहून मोठं काही मावत नाही.

समोरचा विक्की येऊन दारात टेकला. तरुण पोरगा, रस्त्यापलीकडे त्याचा नवा स्टुडिओ, दोघांचं धंद्यात पटत नसे, पण मयतीला तो सगळ्यात आधी धावला होता.

"का शोधून राह्यले, हरिदासभाऊ?"

"तुयी वहिनी."

विक्कीनं स्क्रीनवरचा कान पाहिला आणि म्हणाला, "मोठे ग्रुप फोटो पाह्य ना. लांबून काढलेले. लांबून काढलं तं माणूस बारीक होते, पट्टीत अख्खा मावते."

"ग्रुपचे मूळ नाई राह्यले. सारे कापले."

"माया कॅमेऱ्यात असं नाई होत. जे दिसते तेच येते, पुरं."

"तुया कॅमेऱ्यात ते मंग आलीच नसती ना बे," हरिदास म्हणाला आणि पुन्हा उठून दाराशी गेला.

आणि दाराशी उभं असताना त्याला सिरोंचाचा वारलू आठवला.

वारलूचा गोदावरीवर मासोळीचा धंदा. त्याच्या पोरीचं लग्न दोन वर्षांमागे झालं. जावई नागभीडला नोकरीला, म्हणून हरिदासला एवढ्या लांबचं बोलावणं आलेलं. वारलूनं अल्बम पाहिला, खूश झाला, आणि म्हणाला, "अन्ना, हे साफ केलेलं आहे. मला अख्खं पाहिजे. मासा घरी नेताना आम्ही डोकं-शेपटी फेकून नेतो का?" हरिदासला हसू आलं होतं. त्यानं कार्डातले सगळे फोटो जसेच्या तसे एका पेनड्राइव्हमध्ये भरून दिले होते. आणि त्या घराचा ग्रुप फोटो! एवढी माणसं त्यानं एका फोटोत कधी घेतली नव्हती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून घ्यावा लागला होता.

त्यानं फोन लावला. वारलू म्हणाला, पेनड्राइव्ह आहे, टीव्हीखाली आहे, पण पाठवायचं कसं ते आपल्याला येत नाही, पोरगी सासरी. "या ना अन्ना. मासा खायला या." रुखमाचं हरिदासनं फोनवर काही सांगितलं नाही.

"उद्या सिरोंचाले जातो," तो आत येऊन म्हणाला.

बाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "रविवारी कार्यक्रम, घरात पाव्हणे येऊन राह्यले, अन् तू सिरोंचाले? तेलंगणाच्या काठावर? काऊन?"

"रुखमाचा फोटो हाय तिथी."

"हाय का?"

"असन."

"असन म्हने! हरी, आधार कार्डावरून कर अन् मोकळा हो. लोक काय फोटो पाह्याले येते? दोन फुलं वाहतीन, जेवतीन, जातीन."

"त्या साडीत नाई बसवत मी तिले," हरिदास म्हणाला. बाईला काही समजलं नाही, पण त्याचा चेहरा पाहून तिनं सूप पुन्हा उचललं आणि कुलदीपला हाक मारली. "याच्या संगं जा रे बाबू. हा एकटा गेला तं कुठी ठोकन."

पहाटे दोघं मोटरसायकलवर निघाले. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. कुलदीपला जागोजागी थांबायचं होतं, पाणी प्यायचं होतं, पाठ सरळ करायची होती. हरिदासला थांबलं की अंगात मुंग्या येत. आष्टीच्या पुढे सूरजागडच्या लोहखाणीचे ट्रक लागले, एकामागे एक, आणि रस्त्यावर लाल धूळ अशी की पुढचं चाक दिसेना. आलापल्लीला चहाच्या टपरीवर थांबले तेव्हा दोघांच्या भुवया लाल झाल्या होत्या.

"भाऊजी, एक इचारू? रागवान नाई ना?"

"इचार."

"समजा नाई निंघाली ताई त्याच्यात, मंग?"

हरिदासनं अर्धा चहा टाकून दिला. "चाल. उशीर होते."

"पोहे तं येऊ द्या! सांगितले ना आत्ता!"

पोहे कागदात बांधून घेतले आणि कुलदीपनं ते मागे बसून खाल्ले. पुढे जंगल दाट, सागाची पानं झडलेली, मोहाखाली टोपली घेऊन कोणी वाकलेलं. हरिदासला त्यातलं काही दिसत नव्हतं. तो मनातल्या मनात ट्रॉलीवर चढला होता आणि त्या दिवशी रुखमा कुठे होती ते आठवत होता. आठवत नव्हतं. सकाळचं ऊन होतं, फ्लॅशची गरज नव्हती. म्हणजे दांडा तिच्या हातात नसणार. म्हणजे ती त्याच्या बाजूला नसणारच. सावलीत बसली असेल, बायांत गप्पा मारत असेल. ट्रॉलीवरून त्यानं ओरडून सगळ्यांना आत सरकवलं होतं, एवढं पक्कं आठवत होतं. तिच्याकडे पाहिल्याचं आठवत नव्हतं.

सिरोंचाला पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. वारलूची बायको कमळा अंगणात मासे उलटून वाळत घालत होती. तिनं मान वर करून दोघांच्या मागे पाहिलं.

"अक्का नाही आली?"

हरिदासनं सांगितलं. कमळा हातातली टोपली घेऊन तशीच उभी राहिली. मग "अय्यो" म्हणाली आणि आत जाऊन पाणी घेऊन आली. वारलू बाहेर आला, त्यानं हरिदासचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

"बसा, अन्ना. आधी जेवा."

"आधी पेनड्राइव्ह."

पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. हळद, वरात, पूजा, जेवण. वारलू एकेका फोटोवर थांबायला लागला, हा माझा मोठा भाऊ, हा मंचेरियलचा मामा, आणि हरिदास रिमोट मागायला लागला. शेवटी कमळानंच नवऱ्याच्या हातून रिमोट ओढून त्याला दिला. ग्रुप फोटो आला. टीव्हीभर माणसं. खाली पोरं बसलेली, मग म्हातारे खुर्च्यांवर, मग बाया, मग पुरुष, मागे घराची कौलं.

हरिदास टीव्हीजवळ गेला. उजव्या कडेला बायांची रांग संपत होती. ती संपल्यावर थोडी मोकळी जागा, आणि त्यापुढे, चित्र जिथे संपतं तिथे, एक बाई उभी होती. अख्खी. डोक्यापासून पायापर्यंत. जांभळी साडी, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतलेला, हात खाली सोडलेले. बाकी निम्मी माणसं इकडेतिकडे पाहत होती. ती सरळ समोर पाहत होती.

"ताई!" कुलदीप म्हणाला आणि एकदम खाली बसला.

"मीच बोलावलं होतं," कमळा मागून म्हणाली. तिचं मराठी तेलुगूच्या चालीवर जायचं. "सगळे उभे राहिले, ही झाडाखाली एकटी. मी म्हटलं, रा अक्का, ये, तू पण आमचीच. तर आली. केस नीट केले. माझा आरसा मागितला. मी म्हटलं, माझ्याजवळ उभी राहा. नको म्हणाली. तुमच्याकडे पाहिलं, वर, ट्रॉलीवर. मग थोडी सरकली, परत पाहिलं, परत थोडी सरकली. असं माप घेतल्यासारखं. मी म्हटलं, अगं आत ये, तिकडे फोटोत येणार नाहीस. तर हसली. म्हणाली, आत आली तं त्यायले दिसन, अन् दिसली तं बाजूले हो म्हनतीन. इथी दिसत नाई, पन येते मी."

टीव्हीचा आवाज बंद होता. बाहेर कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं.

"मी विचारलं," कमळा म्हणाली, "मग तुला पाहणार कोण? ती म्हणाली, कार्ड मीच भरते ना कॉम्प्युटरमदे. मी पाह्यते."

कार्डातले फोटो कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम रुखमाचं होतं. तिच्या हातून त्याला फार वेळ लागे. हरिदास बाहेरून ओरडायचा, "झालं का व?" ती आतून म्हणायची, "होऊन राह्यलं." कॉम्प्युटर जुना झाला म्हणून त्यानं चंद्रपूरहून माणूस बोलावून त्यात नवा पार्ट टाकून घेतला होता. तरी तिला तेवढाच वेळ लागत राहिला होता. आणि तिचं झालं की तो जाऊन बसायचा, आणि एका दमात कडा छाटायचा.

त्यानं रिमोटनं फोटो मोठा केला. पहिल्यांदा साडीचे काठ दिसले. आणखी मोठा केला, तोंड जवळ आलं. आणखी, आणि तोंडाचे चौकोन झाले, पिवळे, तांबूस, काळे. त्यानं पुन्हा लहान केला. लहान असताना ती हसत होती. तांदळाच्या दाण्याएवढं तोंड, पण हसणं कळत होतं. मोठं केलं की कोणीच नव्हतं. तो लहान-मोठं करत राहिला, तेव्हा कुलदीपनं उठून त्याच्या हातून रिमोट काढून घेतला.

मासा खाल्ला. कसा लागला ते त्याला कळलं नाही. मुक्कामाला राहा म्हणून दोघं नवरा-बायको आग्रह करत होते, आणि जंगलातून अंधारात जायचं नाही म्हणून राहावंच लागलं. अंगणातल्या खाटेवर तो पहाटेची वाट पाहत पडला. निघताना वारलूनं पेनड्राइव्ह त्याच्या खिशात घातला. "परत नका देऊ, अन्ना. आमच्याजवळ माणसं आहेत."

शनिवारी दुपारी नागभीडला पोचल्यावर तो घरात न जाता सरळ विक्कीच्या स्टुडिओत गेला.

"काढ मोठं," तो म्हणाला.

विक्कीनं हात धुऊन काम घेतलं. त्याच्याजवळ नवं सॉफ्टवेअर होतं, ते पुसट तोंड साफ करून देतं. थोड्या वेळात स्क्रीनवर एक बाई आली. स्वच्छ, उजळ, एकेक पापणी वेगळी, दात सारखे. रुखमाचा एक पुढचा दात दुसऱ्यावर चढलेला होता.

"मस्त आली ना, भाऊ?"

"कोन हाय हे?"

विक्कीनं स्क्रीनकडे पाहिलं, मग हरिदासकडे. "वहिनीच तं..." म्हणाला आणि थांबला. "दात मीच ठीक करून पाह्यतो. तुमी सांगा, कोनता दात होता?"

"ते सांगून बनवाचा नाई मले," हरिदास म्हणाला. "तू असं कर. अख्खा फोटो फ्लेक्सवर काढून दे. जसा हाय तसा. कडा कापू नोको."

रविवारी मंडपात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या, आणि त्यांच्या मागे भिंतीएवढ्या फ्लेक्सवर सिरोंचाच्या एका घरची सगळी माणसं. पाहुणे येत आणि बुचकळ्यात पडत.

"हे कोनाचे सोयरे हाय जी?"

"रुखमाच्या माहेरचे दिसते."

"माहेरचे कायचे, ते पाह्य, लुंगीवाले हाय सारे!"

एक म्हातारा हरिदासच्या कानाशी लागला, "बापू, मंडपवाल्यानं दुसऱ्याचा बॅनर लावला रे. सांग त्याले."

बाईनं सकाळी तो फ्लेक्स पाहून कपाळावर हात मारला होता आणि भावाशी बोलणं टाकलं होतं. पण भन्तेजी आले, त्यांनीही चष्मा वर-खाली करून पाहिलं आणि विचारलं, "यात रुखमाबाई कोणत्या?" तेव्हा बाई उठली. फ्लेक्सपाशी गेली, उजव्या कडेला वाकली. अंगठ्याएवढ्या तोंडाकडे ती पाहत राहिली, आणि तिनं पदर तोंडाला लावला.

"हे पाहा. इथी हाय. हसून राह्यली."

त्रिशरण पंचशील झालं. मग माणसं फुलं वाहायला उठली, आणि प्रत्येकाला मधोमध फुलं ठेवून परत जाता येईना. प्रत्येकाला उजव्या कडेला जावं लागलं, वाकावं लागलं, शोधावं लागलं. बाई तिथेच उभी राहिली. "इकडं या. अजून इकडं. हां, ते जांभळी साडी." बाया वाकून पाहत आणि म्हणत, व माय, खरंच रुखमाच व. दात दिसते का पाह्य. फुलांचा ढीग टेबलावरून सरकत सरकत उजव्या टोकाला खाली सांडला.

हरिदास मंडपाच्या खांबाला धरून उभा होता. कोणी बस म्हटलं की हो म्हणे, आणि बसत नसे.

आता सीझन संपत आला आहे. फ्लेक्स गुंडाळून स्टुडिओत कोपऱ्यात उभा केलेला आहे. कॉम्प्युटरमधलं छाटायचं माप हरिदासनं काढून टाकलं, आणि परवा एका गिऱ्हाइकानं अल्बम उघडून विचारलं, "हे कोपर कोनाचं हो?" हरिदास म्हणाला, तुमच्याकडचंच असेल कोणीतरी, विचारून पाहा. लोक मयतीचे फोटो करायला अजून येतात. तो त्यांना विक्कीकडे पाठवतो.

मागच्या खोलीत, जिथे फोटो लावायचा, तिथे बाईनं आपल्या घरी परत जाण्याआधी खिळा ठोकून दिला आहे. ग्रुप फोटो कॉम्प्युटरवर उघडा असतो. कापायची रेघ तो उजव्या कडेपर्यंत आणतो, रुखमाच्या शेजारी ठेवतो आणि उठून दाराशी जातो. रुखमाचा एकटीचा फोटो अजून करायचा राहिला आहे.